जागरणाची वाटणी

अंतोन चेकॉव्ह यांची १८८८ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी कथा आहे. तिच्या मूळ रशियन शीर्षकाचा अर्थ 'झोप येते आहे' एवढाच होतो. कोणाला येते, ते शीर्षक सांगत नाही. कथेचे सारे मर्म या न सांगितलेल्या कर्त्यात साठवलेले आहे, असे मला वाटते.

कथेत घडते ते थोडके. तेरा वर्षांची वार्का जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी मूल सांभाळण्यासाठी ठेवलेली आहे. रात्र झाली आहे. पवित्र तसबिरीपुढे हिरवा दिवा तेवतो आहे, दोरीवर बाळाची दुपटी वाळत आहेत. मूल रडून रडून घोगरे झाले, तरी थांबत नाही. पलीकडच्या खोलीत मालक आणि त्याचा उमेदवार कारागीर घोरत आहेत. वार्का पाळणा हलवते, गुणगुणते, पेंगते आणि मार खाऊन जागी होते. दिवसा चूल, भांडी, पायऱ्या, पाहुणे. रात्री पुन्हा पाळणा. दुसऱ्या रात्री तिच्या शिणलेल्या मेंदूला आपला शत्रू सापडतो. ती मुलाचा जीव घेते आणि जमिनीवर आडवी होऊन निश्चिंत झोपी जाते.

बालमजुरीची करुणकथा म्हणून तिचे वाचन होत आले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबलो तर कथा आपल्या घरापासून दूर जाते. आपल्या देशात २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास बंदी आहे, तेव्हा आपण सुटलो, असे समाधान वाचकाला मिळते. चेकॉव्ह ते समाधान मिळू देत नाहीत. त्यांनी घर रिकामे ठेवलेले नाही. पाळण्यापासून हाकेच्या अंतरावर तीन धडधाकट प्रौढ माणसे झोपलेली आहेत. एका तान्ह्याच्या वाट्याचे सगळे जागरण त्यांनी एकाच जिवावर टाकले आहे. गुन्ह्याचे बीज या वाटणीत आहे.

चेकॉव्ह पेशाने डॉक्टर होते, हे येथे विसरता येत नाही. रडणाऱ्या मुलाला ते कोठेही दोष देत नाहीत. नवजात बालक दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. इवलेसे पोट दर दोन-तीन तासांनी रिकामे होते आणि रात्र व दिवस यांतला भेद कळू लागायला दोन-तीन महिने जावे लागतात. रडण्याचा जोर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातो, मग ओसरतो. हा निसर्गक्रम आहे. कथेतली आई मात्र मुलाला दृष्ट लागली असावी असे म्हणून त्याला पुन्हा वार्काच्या हाती देते. ज्याचे कारण निसर्गात आहे आणि उपाय घरातल्या माणसांत आहे, ते दृष्टीवर ढकलले की कोणालाच उठावे लागत नाही.

अंगाईचा चेकॉव्ह यांनी केलेला उपयोगही असाच निर्दय अचूक आहे. अंगाई बाळासाठी असते. येथे ती गाणाऱ्या मुलीलाच गुंगवते आणि बाळ जागेच राहते. दिवसा काम करताना तिला बरे वाटते, कारण चालता-फिरताना झोप तितकी छळत नाही. बाळंतिणीजवळ रात्री काढलेल्या कोणालाही या तपशिलाचा खरेपणा पटेल.

तरीही या कथेत एक उणीव जाणवते. बाळाची आई आपल्याला केवळ हुकूम सोडणारी, स्थूल, रुंद खांद्यांची बाई म्हणून दिसते. रात्री दूध पाजायला तीही उठते. तिच्या थकव्यात मात्र लेखक शिरत नाही. पुढे कॅथरिन मॅन्सफील्ड यांनी १९१० साली याच कथाबीजावर बेतलेली कथा लिहिली. तिच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोपही झाला. तेथे घरात आणखी मुले आहेत आणि मालकिणीला पुन्हा दिवस गेले आहेत. कला म्हणून चेकॉव्ह यांची कथा श्रेष्ठच. पण पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली बाईही दमते, याची चाहूल मॅन्सफील्ड यांच्या कथेत अधिक लागते.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की आपल्या घरातला पाळणा दिसू लागतो. बाळंतिणीला माहेरी नेणे, तेल-शेक, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यात सोवळ्याओवळ्याचा भाग होता, तसा जागरण वाटून घेण्याचा शहाणपणाही होता. मात्र सव्वा महिना म्हणजे सुमारे अडतीस दिवस. मदतीला आलेली माणसे परततात आणि नेमके त्याच सुमारास रडणे टोकाला पोहोचते. मग दोन खोल्यांच्या सदनिकेत, पहाटेच्या लोकलसाठी उठायचे म्हणून नवरा झोपलेला असतो आणि आई एकटी जागी असते. तिच्यावर कोणी हात उगारत नाही. 'आमच्या वेळी आम्ही नाही का केले?' हे वाक्य मात्र हमखास कानी पडते.

रडणे असह्य झाले तर मुलाला पाळण्यात उताणे, सुरक्षित निजवून चार पावले दूर व्हावे, दुसऱ्याला हाक मारावी, असे डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतिपश्चात काळजीविषयी दिलेल्या मार्गदर्शनात मातेच्या मनःस्थितीची तपासणी आणि पुरुषांचा सहभाग यांवर भर आहे. ही सारी शिफारस एका गृहीतावर उभी आहे: हाक मारली तर उठणारे कोणीतरी आहे. वार्काला हाक मारायला कोणी नव्हते.

बाप्तिस्म्याच्या समारंभाला आपण बाळासाठी झबली नेतो, खुळखुळा नेतो, सोन्याचा बदामही नेतो. चेकॉव्ह यांची ही कथा वाचल्यावर वाटते, त्या घराला एक रात्र द्यावी. बाळाला खांद्यावर घेऊन आईला म्हणावे, 'तू नीज, मी जागते.' तसबिरीपुढचा दिवा जळत राहतो. पाळणा मात्र माणसालाच हलवावा लागतो.