मनगट आणि शीव

सातारा-सांगलीकडचा माणूस म्हटला की परगावच्या लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. पिळदार मिशा, कुस्तीने चुरगळलेले कान, डोईला फेटा आणि तोंडी रांगडी भाषा. या चित्राचा आम्हांलाही सोस आहे. अलीकडे तर चौकातल्या फलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर मर्दपणा फार स्वस्त झाला आहे. मीही या दोषातून सुटलेलो नाही. माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्यांचे नायक पहिल्याच प्रकरणात दंड थोपटतात आणि शेवटपर्यंत हात खाली घेत नाहीत.

गेल्या श्रावणात आठवीच्या वर्गाला मी अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'तला काही भाग वाचून दाखवला. बापाला मारणारा बापू खोत फकिराच्या तावडीत सापडतो, तो प्रसंग. फकिरा त्याचा जीव घेत नाही. मनगट तोडतो आणि सोडून देतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "मग कसला मर्द, गुरुजी? सोडलाच की त्याला!" मला चटकन उत्तर सुचले नाही. मॅट्रिकपर्यंत मजल गेलेल्या मास्तराला उत्तरे जरा उशिरानेच सुचतात.

'फकिरा' १९५९ साली आली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिकही तिला मिळाले. अण्णा भाऊ वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. ते जन्मले तेव्हा, १९२० साली, हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. सांगली जिल्हा मागाहून झाला. त्यांच्या कथेत जोगणी ज्या गावाच्या हाती, त्या गावाला जत्रेचा मान. तो मान वाटेगावला मिळावा म्हणून राणोजी मांग जोगणी आणायला जातो आणि जीव गमावतो. इथे जरा थांबावे. ज्या गावाने राणोजीला वेशीबाहेर घर दिले, त्याच गावच्या मानासाठी तो मरतो. आपण परंपरेचे गोडवे गातो तेव्हा ही वेस सोयीने विसरतो. अण्णा भाऊ विसरले नाहीत. कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, ती उगीच नव्हे.

आणि फकिराचे मोठेपण तलवारीत फारसे नाहीच. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात. विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा सज्जन ब्राह्मणही त्यांना काहीही करा पण जगा, असेच सांगतो. तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि उपाशी वस्तीत वाटतो. पुढे सरकारने बायकापोरांना ओलीस धरल्यावर तो आपणहून हजर होतो. खोताचा जीव राखणारा आणि पोरांसाठी आपला जीव देणारा फकिरा एकच आहे. आपल्या बळाची शीव कुठे संपते, हे त्याला ठाऊक आहे. मागच्या बाकाला हेच सांगायला हवे होते.

कादंबरी निर्दोष आहे असे नव्हे. फकिराच्या मनात शंकेला जागाच नाही, तो जन्मतःच वीर आहे. बायकांच्या वाट्याला वाट पाहणे आणि डोळे पुसणे फार आले आहे. पोवाड्याच्या कुळातली ही कादंबरी, तिथे असे व्हायचेच, हे मान्य. पण बळाची दुसरी बाजू पाहायची तर पूर्वेला माणदेशात उतरावे लागते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि माडगूळकरांचे माडगुळे सांगली जिल्ह्यात; तेव्हा दोन्हींवर एकच पंतप्रतिनिधी. ते सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, तेव्हा मास्तराने वाडीकडून तालीम बांधून घ्यावी, हे त्या मुलखाला साजेसेच. तालीम उभी राहते, उद्घाटनाला राजेसाहेब येतात. मग पाऊस तोंड फिरवतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठून जाते. तालमीत घुमायला माणूसच उरत नाही.

या पुस्तकात माझ्या मते सर्वांत बळकट माणूस तालमीशी संबंध नसलेला आहे. शेकूकडे बैल एकच. दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. माडगूळकर तिला मोठी म्हणत नाहीत, शेकूला लहान म्हणत नाहीत. नुसते दाखवतात आणि पुढे जातात. मी लिहिले असते तर तिच्या तोंडी दोन पाने भाषण घातले असते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीसाठी 'बनगरवाडी' दिली आहे. त्याच्या घरी तीन बैल आहेत आणि बापाच्या मिशा तालुक्यात नावाजलेल्या. शाळा उघडली की तो शेकूच्या बायकोविषयी काय विचारतो, याची मी वाट पाहतो आहे. या वेळी उत्तर आधीच शोधून ठेवायचे मनात आहे, पण अजून सापडलेले नाही.