व्हिडिओ गेमची सुधारित आवृत्ती आणि समीक्षेचा निर्णय : ‘राजी’च्या संदर्भात

ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीचे परीक्षण स्वतंत्रपणे होऊ शकते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र पहिल्या प्रकाशनावेळचा निर्णयच बहुधा कायम राहतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ याचे बोलके उदाहरण होय. असुरांनी पळवून नेलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. राजस्थानी वळणाची वास्तुरचना, चित्रशैली व संगीत यांची समीक्षकांनी प्रशंसा केली. मात्र लढतीतील उणिवा, अल्प विस्तार व अकस्मात येणारा शेवट यांवर बोट ठेवले.

२०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढतीची रचना, दृश्यकोन व प्रकाशयोजना बदलली. हिंदी संवादांचीही भर पडली. म्हणजे समीक्षकांनी दाखविलेल्या काही उणिवांकडे निर्मात्यांनी लक्ष दिले. तथापि मेटाक्रिटिकसारखे संकलक समीक्षकाने प्रथम दिलेला गुणांकच ग्राह्य धरतात. परिणामी कृती बदलते, निर्णय बदलत नाही. आणि त्याची झळ ‘राजी’सारख्या छोट्या निर्मितिसंस्थांना अधिक बसते.

म्हणून परीक्षणात आवृत्ती व वर्ष यांचा स्पष्ट निर्देश असणे, तसेच पुनःप्रकाशित खेळाचे नव्याने मूल्यमापन होणे अगत्याचे ठरते.