सुलभ आवृत्तीतील रहस्य : ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आणि इंग्रजीचा नवशिका वाचक

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या हाती पूरक वाचनासाठी जी पुस्तके दिली जातात, त्यांत रहस्यकादंबऱ्यांच्या सुलभ आवृत्त्यांना मानाचे स्थान आहे. आणि अशा आवृत्त्यांत आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी पुनःपुन्हा आढळते. या निवडीमागचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते : पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी मूल भाषेचा अडसर ओलांडून जाते. हे कारण खोटे नाही, परंतु अर्धेच खरे आहे. उत्सुकता ही कथानकातून आपोआप पाझरणारी वस्तू नव्हे. माहिती कोणत्या क्रमाने मिळते, कोणाच्या तोंडून मिळते आणि सांगणारा ती किती खात्रीने सांगतो, या तीन गोष्टींवर रहस्यकथेतील उत्सुकता उभी असते. आणि सुलभीकरण हात घालते ते नेमके याच तीन गोष्टींना. म्हणून सुलभ आवृत्तीची परीक्षा तिच्यात किती शब्द सोपे केले आहेत यावरून न करता, वाचकाला तर्क करण्याची किती संधी उरली आहे यावरून केली पाहिजे.

सुलभ वाचनपुस्तकांच्या पद्धतीचा एक उगम अखंड हिंदुस्थानातच आहे. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना बंगाली विद्यार्थ्यांना इंग्रजीचे वाचन आधी साधावे, बोलणे मागाहून येईल, या मताला आले. त्यांचा द्वैभाषिकतेविषयीचा, बंगालवर आधारलेला ग्रंथ १९२६ मध्ये निघाला, आणि सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ मध्ये. नवे शब्द थोडे ठेवावेत, ते दूरदूर पेरावेत आणि पुनःपुन्हा भेटवावेत, हे त्या पद्धतीचे सार होय. पुढील काळात याच विचाराला पायऱ्यांचे रूप आले. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालेत ‘हाउंड’ची सुलभ आवृत्ती चौथ्या पायरीवर, चौदाशे मूळशब्दांच्या मर्यादेत बसविली आहे. मदतीवाचून कथा समजायची तर शंभरांतील अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असावेत, असे हू आणि नेशन यांनी २००० मध्ये मांडले; म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. या हिशेबाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पानामागे पंधरा वेळा कोश उघडावा लागला तर कोणतेही रहस्य रहस्य राहत नाही. ती शिक्षा होते.

तथापि हा हिशेब सगळे शब्द सारख्याच वजनाचे धरून चालतो. रहस्यकथेत ते तसे नसतात. नॉर्दंबरलँड हॉटेलात सर हेन्रींचा एक बूट नाहीसा होतो. तो नवाकोरा, तपकिरी, एकदाही न घातलेला असतो. दुसऱ्या दिवशी एक जुना काळा बूट जातो, आणि पहिला, नवा, खोलीतच परत सापडतो. ‘नवा’ आणि ‘जुना’ हे शब्द इंग्रजीच्या पहिल्या वर्षातले. एकही मूल त्यांना अडखळणार नाही. आणि तरीही अख्खे गूढ त्या दोन विशेषणांच्या फरकात दडलेले आहे : नव्या बुटाला माणसाचा वास नसतो, म्हणून तो चोराच्या कामाचा नव्हता, ज्याला वास हवा आहे तो प्राणी दंतकथेतला नसून हाडामांसाचा आहे. सुलभकाराला दुसरी चोरी पुनरुक्ती वाटली आणि जागा वाचविण्यासाठी त्याने दोन चोऱ्यांची एक केली, तर शब्दांची यादी अबाधित राहते, कथानकही दिसायला अबाधित राहते, आणि वाचकाच्या हातचा धागा मात्र तुटतो. पुढे होम्स जे सांगेल ते त्याने मुकाट मान्य करायचे, एवढेच त्याच्या वाट्याला उरते.

याहून सूक्ष्म हानी क्रियापदांच्या प्रदेशात होते. सर चार्ल्स यांच्या पावलांच्या खुणा माळाकडील फाटकापर्यंत एका प्रकारच्या आहेत, आणि तेथून पुढे ते चवड्यांवर चालत गेले असावेत असे दिसते, हे कथेतील एक विधान आहे. हे विधान नोकर बॅरिमूरचे. ते वृत्तपत्राने छापलेले. तो मजकूर डॉ. मॉर्टिमर यांनी वाचून दाखविलेला. आणि वॉटसनने तो नोंदलेला. चार हातांतून आलेल्या या विधानात मूळ लेखकाने ‘असे दिसते’ या अर्थाचा शब्द कटाक्षाने ठेवला आहे. सुलभकार घाईत असेल तर सर्वांत आधी हाच शब्द गळतो, कारण तो काढला तरी वाक्य उभे राहते. मग वाचकाला सांगितले जाते की म्हातारा चवड्यांवर चालला. हे असत्य आहे. तो चालत नव्हता. जिवाच्या आकांताने धावत होता, म्हणून टाचा टेकल्या नव्हत्या. मूळ पुस्तकात लेखकाने वाचकाला चकविले आहे, पण फसविलेले नाही. शंकेचा शब्द गाळणारी आवृत्ती त्याला फसविते. गुणवत्तेचा हा भेद पृष्ठसंख्येत मोजता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रकाशकांच्या जाहिरातीत कधी येत नाही.

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने या जागी एक अनुकूल गोष्ट आहे व तिचा उपयोग व्हावा तितका होत नाही. ‘तो चालला’, ‘तो चालला असेल’, ‘तो चालला असावा’, ‘तो चालला असला पाहिजे’ या वाक्यांतील खात्रीच्या पायऱ्या मराठी मूल घरीच शिकून येते. इंग्रजीतील संभाव्यतेची सहायक क्रियापदे व्याकरणाच्या तासाला कोष्टकात मांडली की ती रुक्ष वाटतात. पावलांच्या या उताऱ्यात तीच भेटली तर त्यांच्यावाचून विचारच करता येत नाही, हे लक्षात येते. शिक्षकाने बॅरिमूरचे वाक्य आणि त्याचा होम्सने लावलेला अर्थ शेजारी शेजारी लिहून, प्रत्येकाला मराठीत कोणते रूप शोभेल एवढेच विचारले तरी पुष्कळ झाले. येथे मातृभाषा ही भाषांतराची कुबडी म्हणून येत नाही. एका भाषेत आधीच असलेली जाण दुसरीत नेण्याचे ते काम आहे.

कादंबरीची घडण पाहिली म्हणजे सुलभीकरणाचा आणखी एक धोका दिसतो. पंधरा प्रकरणांच्या या पुस्तकात कथन एकरंगी नाही. प्रथम १७४२ सालचे जीर्ण हस्तलिखित येते, त्यात घराण्याला लागलेल्या शापाची हकिगत. त्यानंतर वृत्तपत्रातील कात्रण. मग मॉर्टिमर यांची खाजगी साक्ष, जी त्यांनी चौकशीत सांगण्याचे टाळले होते. आठव्या व नवव्या प्रकरणांत वॉटसनने होम्सला लिहिलेली पत्रे. दहाव्यात त्याच्या रोजनिशीतील उतारे. आणि त्यापुढे स्मरणातून केलेले निवेदन. या प्रत्येक साधनाची विश्वसनीयता वेगळी आहे आणि मूळ इंग्रजीत प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. हस्तलिखिताची भाषा मुद्दाम जुनाट व भाविक ठेवली आहे. कात्रणाची सावध व कोरडी. सर्वांना चौदाशे शब्दांच्या एकाच सुरात बसविले की दंतकथा आणि बातमी एकाच तोंडाने बोलू लागतात. मग नरकातून आलेला कुत्रा आणि फाटकाशी पडलेली सिगारची राख ही एकाच दर्जाची तथ्ये ठरतात, आणि कथेतील मूळ झगडा, म्हणजे ऐकीव आणि पाहिलेले यांतील झगडा, वाचकाच्या दृष्टीआड होतो.

बखरीचा एखादा उतारा शालेय पुस्तकात वाचलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा भेद समजावून देणे कठीण नाही. बखरकार सांगतो ते आणि वर्तमानपत्र सांगते ते यांकडे वेगळ्या नजरेने पाहायचे असते, हे त्याला ठाऊक असते. ह्यूगो बास्करव्हिलची कथा वर्गात बखरीच्या ढंगाने मराठीत सांगावी आणि कात्रण मात्र इंग्रजीतूनच, शांतपणे वाचावे. सुलभ आवृत्तीने पुसलेला सूर एवढ्याने बराचसा परत येतो.

संबोधनांचा प्रश्नही असाच. स्टेपल्टनबरोबर राहणारी बेरिल ही त्याची बहीण म्हणून वावरते. ती त्याची पत्नी असते. लॉरा लायन्स विवाहित आहे, पती तिला सोडून गेला आहे, आणि घटस्फोट मिळाला तर स्टेपल्टन आपल्याशी विवाह करील या आशेवर ती आहे. म्हणजे एकीच्या नावामागे ‘मिस’ लागते ते खोटे, आणि दुसरीच्या मागे ‘मिसेस’ लागते ते खरे पण तिला नकोसे झालेले. एकाच पुरुषाचे कपट या दोन छोट्या उपपदांवर तोललेले आहे. शब्दार्थांच्या यादीत ‘कुमारी’ आणि ‘सौभाग्यवती’ असे प्रतिशब्द देऊन मोकळे होणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. सुलभकाराला हा धागा टिकविण्यास एक अक्षरही जास्त खर्चावे लागत नाही. फक्त प्रत्येक स्थळी उपपद गाळायचे नाही, इतके पथ्य पाळावे लागते.

कठीण शब्दांपैकी काही मात्र कोणत्याही पायरीवर टाळता येत नाहीत, आणि ते टाळूही नयेत. ‘मूर’ हा त्यांपैकी पहिला. गंमतीची गोष्ट अशी की खुद्द कथेतही हा शब्द सहज मिळणारा नाही : सर हेन्रींना आलेली निनावी सूचना ‘टाइम्स’मधील छापील शब्द कापून चिकटविलेली आहे, पण ‘मूर’ तेवढा शाईने लिहिलेला, कारण तो अंकात सापडला नाही. सुलभकाराच्या यादीची गतही त्या अंकासारखीच. हा शब्द त्यालाही बाहेरून आणावा लागतो. त्यासाठी ‘माळरान’ हा प्रतिशब्द दिला जातो व तो जवळचा आहे, तरी त्याने चित्र चुकते. देशावरचा माळ कोरडा, उन्हाने तापलेला. डार्टमूर हा डेव्हन परगण्यातील उंचवट्याचा, थंड, धुक्याचा, पाणथळ प्रदेश, जेथे माती नसून कुजलेल्या वनस्पतींचे थर आहेत आणि वरून हिरवी दिसणारी जमीन खाली दलदल असते. पावसाळ्यातील कोकणचा सडा पाहिलेल्या मुलाला धुके आणि वारा कळेल. त्या दलदलीत तट्टू रुतते ते मात्र त्याला चित्रावाचून कळणार नाही. भूगोलाचे हे शब्द आधीच, उदारपणे आणि चित्रांसह समजावून द्यावेत. त्यांत रहस्य नाही.

ज्या शब्दांत रहस्य आहे त्यांचा अर्थ आधी सांगणे हा अपराध होय. याचे सर्वांत लख्ख उदाहरण डॉइल यांच्याच १८९२ मधील ‘स्पेकल्ड बँड’ या लघुकथेत सापडते. मरणारी तरुणी ‘बँड’ हा शब्द उच्चारते. त्याचा अर्थ टोळी असाही होतो आणि पट्टा असाही. वाड्याच्या आवारात भटक्यांची टोळी उतरलेली असल्यामुळे वाचक पहिल्या अर्थाकडे झुकतो. ज्याला एकच अर्थ ठाऊक आहे, त्याची दिशाभूलच होऊ शकत नाही. आणि दिशाभूल झाली नाही तर उलगड्याचा आनंदही नाही. शब्दसूचीत नुसता ‘पट्टा’ छापणारा संपादक गुन्हेगाराचे नाव मुखपृष्ठावर छापणाऱ्याच्या पंक्तीत बसतो. दोन्ही अर्थ द्यावेत, अथवा एकही देऊ नये.

परीक्षेच्या मार्गदर्शिका याच अपराधाची पुनरावृत्ती करतात. त्यांत प्रथम कथासार, नंतर पात्रपरिचय, आणि त्यात ‘स्टेपल्टन : खलनायक’ अशी नोंद. पुढे मजकूर येतो, पण तोवर तो वाचण्याचे कारण संपलेले असते. इंग्रजीत कच्चा असलेला तेराचौदा वर्षांचा मुलगा बुद्धीने कच्चा नसतो. बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ किंवा भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ वाचून तो संशय घेण्यात तरबेज झालेला असू शकतो. परक्या भाषेत त्याला बालकासारखे वागविले जाते, ही त्याची खरी कुचंबणा आहे. रहस्यकादंबरी त्याला त्या भाषेत प्रथमच मोठ्यांच्या बरोबरीने विचार करू देते, आणि मागचे पान आपण होऊन पुन्हा उघडण्यास कारण देते. ते कारण पहिल्याच तासाला काढून घेतल्यावर उरतात ते शब्दार्थ. या पुस्तकाला साजणारे प्रश्न वेगळे आहेत : हे कोण म्हणाले, त्याने ते पाहिले की ऐकले, आणि ते सांगण्यात त्याचा काय लाभ. एवढे तीन रकाने वहीत आखून प्रकरणागणिक भरीत गेल्यास वाचनाला मदत होते आणि उत्तर मात्र फुटत नाही. ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ही कादंबरी नऊ हप्त्यांनी आली तेव्हा मूळ वाचकालाही दर हप्त्यानंतर महिनाभर तर्क करीत बसावे लागले होते. वर्गात एका आठवड्याचा खंड तरी का नसावा?

मूळच वाचावे, सुलभ आवृत्ती म्हणजे वाङ्मयाची विटंबना, असा पक्ष विद्यापीठीय वर्तुळात आढळतो. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीपुरता तो बव्हंशी मान्य करावा लागेल. तेथे प्रत्येक निवेदकाचा आवाज हाच पुरावा आहे. मिस क्लॅकचा दांभिकपणा तिच्या वाक्यांच्या वळणात आहे, आणि ती वाक्ये सरळ केली की ती बाई एक साधी भाविक स्त्री उरते. ‘हाउंड’चे तसे नाही. त्यातील पुरावा बूट, राख, पाऊलखुणा, वेळा व अंतरे यांचा आहे. सुलभकार दक्ष असेल तर तो सोप्या इंग्रजीतही शाबूत राहतो. चवथ्या पायरीवरील ‘हाउंड’ हे न वाचलेल्या मूळ ‘हाउंड’पेक्षा निश्चितच श्रेयस्कर.

शेवटचे प्रकरण सुलभ आवृत्त्यांत सर्वाधिक कात्री सहन करते, कारण त्यात घटना नाही, केवळ सिंहावलोकन आहे. ते वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपापला उलगडा लिहावा हे उघड आहे. पण त्या प्रकरणातील एक भाग गाळला जाणे विशेष खटकते. वारसा मिळविण्यासाठी दोन जीव घ्यायला निघालेला, त्याच परिसरात खोट्या नावाने राहिलेला हा मनुष्य पुढे आपला हक्क संशय न येता सांगणार कसा होता? होम्स ही अडचण मोठी असल्याचे कबूल करतो, स्टेपल्टनच्या पत्नीकडून ऐकलेले तीन मार्ग सांगतो : दक्षिण अमेरिकेतून हक्क सांगणे, लंडनमध्ये वेषांतराने राहणे, किंवा कागदपत्रे देऊन एखादा साथीदार उभा करणे, आणि त्यांपैकी कोणताही निश्चित न करता विषय सोडतो. कथेतील उणीव समजून सुलभकार हे झाकतो. वर्गाच्या दृष्टीने मात्र संपूर्ण पुस्तकात उत्तर न छापलेला हा एकच प्रश्न आहे. तिन्ही मार्गांपैकी कोणता टिकला असता आणि कोणता पहिल्याच पावलाला कोसळला असता, हे तेराव्या वर्षीचा वाचक चौदाशे शब्दांच्या इंग्रजीत सांगू शकतो.