बार्ज मध्वा: 'सुरक्षित धनको' म्हणजे नक्की कोण?

सागरी कायद्यावर प्रबंध करायचा विचार असेल, तर 'राज शिपिंग एजन्सीज विरुद्ध बार्ज मध्वा' हा निकाल तुम्हाला कुणीतरी वाचायला सांगेलच. मुंबई उच्च न्यायालय, न्या. बी. पी. कोलाबावाला, १९ मे २०२०. जरूर वाचा. फक्त फोर्टातल्या ऑफिसातून नको, बोईसर एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधून वाचा.

समजा, त्या शेडमध्ये जहाजांचे पंप दुरुस्त होतात. एका बार्जचं काम झालं, पंप पोचला, बिल थकलं. मालक कंपनी फोन उचलत नाही. इथे सागरी कायद्याची गंमत आहे: कर्जदार म्हणून थेट बार्जलाच धरता येतं. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याचं (लागू १ एप्रिल २०१८ पासून) कलम ४ पाहा. जहाजाला पुरवलेला माल आणि सेवा यांचं येणं हा 'सागरी दावा' आहे, आणि कलम ५ खाली त्यासाठी जहाजाला अटक होऊ शकते. जहाज अडकलं की एरवी न सापडणारा मालक हमी घेऊन वकिलासकट हजर होतो.

पण ती कंपनीच दिवाळखोरीत गेली तर? आयबीसीच्या कलम १४ खाली मोरेटोरियम लागतं, कंपनीवरचे दावे थांबतात. निकालाचं मोठेपण इथे आहे. न्यायालय म्हणतं, इन रेम दावा कंपनीवर नाही, जहाजावर आहे. म्हणून मोरेटोरियममध्येही तो दाखल करता येतो, अटकेचा हुकूमही मिळतो. पुढची सुनावणी मात्र थांबते. अटक मिळाली की दावेदार 'सुरक्षित धनको' ठरतो. दोन कायद्यांचं भांडण इतक्या शांतपणे सोडवलेलं मी फार कमी वाचलंय.

माझं अडतं ते त्या 'सुरक्षित' शब्दावर. कलम १० ची उतरंड कागदावर मांडा. आधी मॅरिटाइम लियनवाले, मग नोंदलेलं गहाण, म्हणजे बहुधा बँक, आणि मग उरलेले सगळे. आपला पंपवाला या उरलेल्यांत. बार्ज विकली, शेरीफचा खर्च वजा झाला, खलाशांचा पगार गेला, बँकेचं गहाण फिटलं, तर त्याच्या वाट्याला जे येईल ते. त्यात जहाज म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन नव्हे, की पाच वर्षांनी भाव वाढेल. नांगरावर उभं जहाज गंजतं, डिझेल खातं, त्यावर माणसं ठेवावी लागतात. निकालाला हे दिसलेलं आहे: देखभाल होत नसेल तर मोरेटोरियममध्येही विक्रीची वाट त्यात मोकळी ठेवली आहे. पण देखभाल कशीबशी चालू असेल तोवर काय? तोवर शेडवाला थांबतो, आणि त्याच्या वाट्याची किंमत समुद्रात झिजत राहते.

शिवाय हा दावा पालघर जिल्ह्यात कुठेच चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयच गाठावं लागतं. कलम ११ खाली न्यायालय दावेदाराकडून, अटक चुकीची ठरली तर भरपाई देईन, अशी हमीही मागू शकतं. दोन-तीन लाखांच्या बिलासाठी हे कोण करेल? असा माणूस कोर्टापर्यंत पोचतच नाही, म्हणून तुम्ही फक्त निकाल वाचलेत तर तो तुम्हाला कधी भेटणारच नाही.

आता वडराईला चला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' ही बार्ज इथल्या खडकांवर येऊन अडकली. १३७ जणांना वाचवलं, नंतर तेलगळती झाली. कायद्यातली 'जहाजा'ची व्याख्या बार्जला, आणि रुतलेल्या किंवा सोडून दिलेल्या जहाजालाही कवेत घेते. म्हणजे अशा सांगाड्यावरही दावा चालतो. किनाऱ्याच्या नुकसानीचा दावा कलम ४ मध्ये आहे. जहाज चालवताना झालेल्या नुकसानीला कलम ९ खाली लियनही मिळतो, म्हणजे अशा प्रसंगी कोळ्याची फाटलेली जाळी बँकेच्या गहाणाच्या पुढे उभी राहू शकते! पण तेलवाहतुकीशी जोडलेलं, दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मिळणारं नुकसान लियनमधून वगळलंय. मग बार्जच्या स्वतःच्या टाकीतलं डिझेल 'वाहतुकीचं तेल' धरायचं का? विषय शोधत असाल तर हा घ्या. आणि घेतलात तर तारखा आधी तपासा: पगाराचा सोडून बाकी लियन, जहाजाला अटक झाली नाही तर, एका वर्षात संपतो.