विषय काढायचा कोणी?

द्वितीय वर्षाच्या वर्गात 'ब्रोच' हे इंग्रजी क्रियापद आले. मी फळ्यावर अर्थ लिहिला : नाजूक विषय काढणे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, नाजूक कोणाला?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो.

या शब्दाचे मूळ पाहण्यासारखे आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात टोकदार सळईचा, सुळ्याचा. बायका साडीला लावतात तो ब्रूचही त्याच घरचा. दारूच्या पिंपाला टोच्याने भोक पाडून आतला माल बाहेर काढणे याला हे क्रियापद लागले आणि पुढे ते बोलण्याला चिकटले. आपली मराठीही याच वाटेने गेलेली दिसते. आपण वाचा 'फोडतो', चर्चेला तोंड 'फुटते'. दोन्ही भाषांना एवढे कळलेले आहे की आत काहीतरी कोंडलेले असते आणि ते आपणहून बाहेर येत नाही. पण पिंप बंद कोणी केले, हे दोन्ही क्रियापदे सांगत नाहीत.

इंग्रजी क्रियापदात आणखी एक खोच आहे. 'ब्रोच' करणारा माणूस वेळ पाहतो, ऐकणाऱ्याचा चेहरा पाहतो, चहा होऊ देतो, मग हळूच विषय काढतो. म्हणजे अवघडलेपण ऐकणाऱ्याचे आणि ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र बोलणाऱ्याची! ड्रॉइंगरूममध्ये हा शिष्टाचार शोभत असेल. जातीच्या प्रश्नाला तो लावला की त्याचा अर्थ एकच होतो : ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानेच मारणाऱ्याचे मन दुखावणार नाही अशा बेताने ते दाखवावेत.

आणि मुळात जातीचा विषय आम्ही काढतो, हेच खोटे आहे. रत्नागिरीहून पावसला येणाऱ्या एस.टी.त शेजारचा गृहस्थ विचारतो, "पावसचे का? वा, स्वामी स्वरूपानंदांचे पावस!" पुढचा प्रश्न आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर, "कुठल्या वाडीत राहता?" कोकणात वाडी सांगितली की सगळे सांगून होते. मी 'बौद्धवाडी' म्हणतो आणि गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागतात. आता सांगा, विषय कोणी काढला? परंतु हाच अनुभव मी परिसंवादात मांडला, की 'कशाला जात मध्ये आणता?' म्हणून विचारणारेही हेच असतात. त्यांनी विचारली तर चौकशी, आम्ही सांगितली तर जातीयता.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचे सामर्थ्य मला इथे दिसते. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणाला जात विचारली जाते. विषय समोरच्याने काढलेला आहे, उत्तराची शिक्षा मात्र याला होणार आहे. तो जात लपवतो. ती उघड होते तेव्हा मार खातो. प्रस्थापित समीक्षेने अशा कथांना 'दाहक' म्हटले, त्यांनी दलितांच्या दुःखाला 'वाचा फोडली' असे म्हटले. ही स्तुती मला पुरती पटत नाही. दुःखाला वाचा होतीच. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. हे मूकपण जन्मजात नव्हते, लादलेले होते. आम्ही बोलत होतो, कान नव्हते.

कान आहेत असे म्हणणाऱ्यांचेही पाहू. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या १९३६ सालच्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बाबासाहेबांना स्वतःहून बोलावले. विषय जातिनिर्मूलनाचाच! पण भाषणाचा मसुदा हाती पडल्यावर मंडळ बिचकले. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वतः छापले. सुधारकांनाही पिंपाला बारीक भोक हवे होते, तोटी त्यांच्या हातात राहील एवढेच.

याच्या नेमके उलट चित्र आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईचे आहे. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) त्यांची आई भेटते. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावची, नवरा गेल्यावर बांबूची आयदाने विणून मुलांना शिकवणारी. शाळेतले शेण काढण्यावरून गुरुजींनी मुलीला मारले, तेव्हा ही बाई रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना थेट जाब विचारते. प्रस्तावना नाही, वेळ पाहणे नाही, गुरुजींच्या चेहऱ्याची चिंता नाही. तिचे हात विणकामात होते, तोंड मोकळे होते. या प्रसंगाला 'ब्रोच' लागूच पडत नाही. इंग्रजी कोशाची नव्हे, शिष्टाचाराची ती मर्यादा आहे.

पण 'आयदान' एवढ्यावर थांबत नाही, आणि इथे आपली पंचाईत सुरू होते. त्याच पुस्तकात लेखिकेच्या पुढच्या शिक्षणाला घरातून झालेला विरोधही आहे. घराबाहेर समतेच्या गोष्टी करणारे आपण घरात कसे वागतो, हेही आहे. गुरुजींचा प्रसंग आपण व्याख्यानात हमखास सांगतो. हा दुसरा भाग मी कार्यकर्त्यांच्या व्याख्यानात क्वचितच ऐकला. 'आत्ता नको', 'चळवळीत फूट पडेल', 'विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल' ही आपली वाक्ये. लाहोरच्या मंडळाची कारणे याहून फार वेगळी नसावीत.

त्या मुलीला द्यायचे उत्तर आता सापडले आहे, पण ते देताना जीभ अडखळते. गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या सभेत आभारप्रदर्शनाआधी वाडीतल्या एका बाईने बोलण्यासाठी हात वर केला होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि वेळेअभावी कार्यक्रम आटोपता घेतला. मी मंचावरच बसलो होतो. बाई काय बोलणार हे मला ठाऊक होते, त्यांच्या घरातले भांडण सबंध वाडीने ऐकलेले होते. मीही घड्याळच पाहिले.