फोटोखालची ओळ

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की पाऊण तास जागची हलत नाही. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका संध्याकाळी मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. राहुरीजवळच्या आमच्या गावी चर्चचं जुनं कपाट साफ करताना त्याला गुळगुळीत कागदावर छापलेली चार पानी इंग्रजी पत्रिका सापडली होती. २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेतून अकरा जणांचा गट आमच्याकडे नऊ दिवस राहून गेला होता. परत गेल्यावर त्यांनी आपल्या मंडळीसाठी छापलेला तो अहवाल. दुसऱ्या पानावर मी. वय बारा, दोन वेण्या, तोंड उघडं, डोळे मोठे. शेजारी गुडघ्यांवर बसलेली सोनेरी केसांची एक ताई.

फोटोखाली एक ओळ. मराठीत सांगायचं तर: ही चिमुकली आयुष्यात पहिल्यांदाच येशूचं नाव ऐकते आहे.

मी बसमध्ये मोठ्याने हसले. मग हसू ओसरलं. आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा माझ्या पणजोबांचा झाला. मी चौथ्या पिढीतली. घरी रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारी उपासना, आणि ‘उपासना संगीत’मधली निम्मी गीतं आजीला तोंडपाठ. शिवाय तो क्षण मला चांगला आठवतो. मी ऐकत नव्हतेच, बोलत होते. नारायण वामन टिळकांचं एक भजन मी त्या ताईला शिकवत होते आणि तिला ‘ळ’ काही केल्या जमत नव्हता. जीभ कुठे लावायची ते दाखवण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

माणसं वाईट नव्हती. त्यांनी शाळेची भिंत रंगवली, आमच्याशी लंगडी खेळले. एकाचं पोट बिघडलं तेव्हा आजीने त्याला दोन दिवस ताकभात खाऊ घातला. ते गेल्यावर आम्हाला करमेना. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे. ती ओळ कुणी, कुणासाठी आणि कशी लिहिली, हा मला साहित्याचा प्रश्न वाटतो. म्हणून त्या रात्री घरी आल्यावर मी पुस्तकं काढून बसले.

दोन वाचक

पूर्वी मिशनरी नऊ दिवसांसाठी येऊच शकत नव्हता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून निघाले आणि मुंबईला पोचले १८१३ च्या फेब्रुवारीत. हॉल परत गेलाच नाही. १८२६ मध्ये नाशिकजवळ कॉलऱ्याने वारला. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर हे गणित बदललं. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘यूथ विथ अ मिशन’सारख्या संस्थांनी तरुणांना थोड्या काळासाठी परदेशी पाठवायला सुरुवात केली. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीतली मिशन ट्रिप ही अमेरिकन मंडळ्यांमध्ये नेहमीची गोष्ट झाली.

त्यावर टीकाही लवकर झाली. १९६८ मध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने स्वयंसेवक म्हणून आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं की तुमचे हेतू चांगले असतील, पण तुम्ही येऊ नका. २००९ मध्ये, म्हणजे आमची भिंत रंगली त्याच वर्षी, स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन ख्रिस्ती लेखकांचं ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ आलं. मदत कुठे अपमान करते, ते त्यांनी आपल्याच लोकांना समजावून सांगितलं.

पण ही सगळी चर्चा कामाविषयी आहे. लिखाणाकडे पाहायचं तर नगरला यावं लागतं.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. इथले मिशनरी दोन प्रकारचं लिहीत. एक मजकूर बॉस्टनला जाई आणि ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात छापला जाई. त्याचे वाचक म्हणजे देणगीदार आणि घरचे लोक. दुसरा मजकूर ‘ज्ञानोदया’त. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं आणि मराठीतही निघे. त्याचे वाचक इथलेच. ते वाचून चिडत, उलट लिहीत, वाद घालत. हात तोच असला तरी वाचक बदलला की वाक्य बदलतं. बॉस्टनच्या वाचकाला पटवायला एक करुण चेहरा पुरतो. नगरच्या वाचकाला पटवायचं तर मुद्दा लागतो, कारण तो शेजारच्या आळीत राहतो आणि उद्या भेटणार असतो.

माझ्या फोटोखालची ओळ ‘हेरल्ड’च्या घराण्यातली आहे. ती कधी राहुरीला पोचेल, असं लिहिणाऱ्याच्या मनातही नसणार. पत्रिकेची एक प्रत कुणीतरी सौजन्य म्हणून पाठवली असावी. आमच्याकडे ती कुणी वाचली नाही.

रमाबाईंची दोन पुस्तकं

वाचक बदलल्यावर काय होतं, ते एकाच माणसाच्या लिखाणात पाहायचं असेल तर पंडिता रमाबाई वाचाव्यात. त्यांचा प्रवास उलट्या दिशेचा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या.

या काळातून दोन पुस्तकं निघाली. पहिलं इंग्रजी, १८८७ चं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. ते अमेरिकन वाचकासाठी आहे आणि विधवांच्या शाळेसाठी मदत मागतं. त्या वर्षअखेर बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं आधार देण्याचं कबूल केलं. दुसरं मराठी, १८८९ चं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. ते आपल्यासाठी आहे.

दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मला बरंच अस्वस्थ व्हायला झालं. इंग्रजी पुस्तकातली हिंदू बाई सोसते. तिच्यावर काय काय होतं, तिला कशाची गरज आहे, ते आपल्याला कळतं. ती स्वतः काय म्हणते, ते फारसं ऐकू येत नाही. रमाबाई खोटं लिहीत नाहीत. त्या स्वतः विधवा होत्या, आणि त्यांनी जे पाहिलं ते पाहिलेलं माणूस गप्प बसू शकत नाही. पण देणगी मागणाऱ्या मजकुराचा साचा त्यांनाही चुकला नाही. मराठी पुस्तकात मात्र त्या मोकळ्या होतात. राज्यकारभार, शिक्षण, धर्मादाय संस्था, बायकांच्या संघटना हे सगळं त्या तपशिलात, उत्साहाने सांगतात. तिथल्या बायका संघटना कशा चालवतात हे लिहिताना ‘आपण का नाही?’ हा टोला मराठी वाचकाला बसतोच. त्याच वेळी गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांचे हाल त्या झाकून ठेवत नाहीत. ज्या देशाने पैसे दिले, त्याच्याकडे त्या डोळे उघडे ठेवून पाहतात.

हे दोन वाचक पुढे प्रत्यक्षात एकमेकांना भिडले. अमेरिकेतून आलेल्या मदतीवर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एकाच संस्थेबद्दल दोन खंडांत दोन वेगळ्या गोष्टी समजलेल्या होत्या. याचा सगळा दोष मी पुस्तकांना देणार नाही. पण दूरच्या वाचकासाठी लिहिलेली ओळ कधीतरी घरी परत येते, एवढं त्यातून दिसतं.

मुक्काम वाढवला म्हणजे झालं?

मग उत्तर सोपं वाटतं: नऊ दिवस राहू नका, आयुष्यभर राहा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं! इथली भाषा आणि ओवी अंगात मुरायला तेवढा वेळ द्यावा लागला, म्हणून ते पुराण आजही मराठीचं वाटतं. पण ज्या सालसेतमध्ये ते राहत होते, तिथली देवळं पोर्तुगीज सत्तेने आधीच पाडली होती. लोकांनी पुराण ऐकावं अशी भाषा स्टीफन्सनी कमावली. पण लोकांना ‘नाही’ म्हणण्याची कितपत मुभा होती, हा प्रश्न ओवीच्या गोडव्याने सुटत नाही. मुक्कामाची लांबी कामाची आहे, पण पुरेशी नाही.

‘स्मृतिचित्रे’ आणि मागची रांग

पुरेसं काय, ते मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडतं. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झालं. आमच्या मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ नावाचा एक प्रकार असतो. उभं राहून सांगायचं: आधी मी अंधारात होतो, मग प्रभू भेटला, आता उजेड आहे. लक्ष्मीबाईंच्या हातात या साच्यासाठी लागणारा सगळा माल होता. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ताटातूट झाली, त्या परत आल्यावरही सोवळं सुटेना, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण पुस्तक साक्षीच्या वाटेने जात नाही. मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे सोवळे वडील आणि खिशात पैसा न टिकणारा ख्रिस्ती नवरा, दोघांकडेही त्या एकाच मिश्किल डोळ्यांनी बघतात. बाप्तिस्म्यानंतरही घरात पैशांची ओढाताण आणि नवरा-बायकोची भांडणं तशीच चालू राहतात. मिशनरी येतात ते शेजारी म्हणून, ओळखीचे म्हणून, कधी टिळकांचं ज्यांच्याशी पटत नाही असे वरिष्ठ म्हणून. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ती हकिकत घरातून कशी दिसते, तेही इथेच कळतं.

या पुस्तकाला कुणाकडूनही देणगी नको आहे. ज्यांच्याकडे मिशनरी ‘आले’, त्यांच्यातल्या एका बाईने स्वतःचा मजकूर स्वतः लिहिला, आणि म्हणून तो आजही ताजा आहे.

तरीही एक गोष्ट बोलायला हवी. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते, महार आणि मांग. माझे पणजोबा त्यांतलेच. ‘स्मृतिचित्रे’त असे लोक आहेत, प्रेमाने आहेत, पण बहुतेकदा कडेला. कहाणी टिळकांच्या घराची आहे आणि आम्ही मागच्या रांगेत उभे. लक्ष्मीबाईंनी त्यांची कहाणी सांगितली, आमची सांगणं हे त्यांचं काम नव्हतं. पण ते कुणाचं तरी काम होतं. माझ्या पणजोबांविषयी लिखित मजकूर म्हणाल तर मंडळीच्या रजिस्टरमध्ये एक ओळ: नाव, गाव, तारीख. त्यांना काय वाटलं, त्यांनी काय सोसलं, पाणी कुठे भरू दिलं आणि कुठे नाही, यातलं काहीच नाही. नंतर शंभरेक वर्षांनी त्यांच्या पणतीच्या वाट्यालाही एकच ओळ आली. तीही दुसऱ्याने लिहिलेली.

माझी ओळ

इथे लेख संपवता आला असता. पण त्याच नोव्हेंबरात, फोटो येण्याच्या दहा दिवस आधी, मीही एक ओळ लिहिली होती.

ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, हे आपल्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कंपनीने चाकणच्या पलीकडच्या एका शाळेला संगणक दिले. एका शनिवारी आम्ही चौदा जण सारखे टी-शर्ट घालून तिथे गेलो. पाच तास थांबलो. परतीच्या बसमध्ये मी लिंक्डइनवर एक फोटो टाकला. एक लहान मुलगी संगणकासमोर बसून माझ्याकडे वळून बघते आहे, तोंड उघडं. खाली मी लिहिलं की पहिल्यांदा संगणकाला हात लावतानाचं तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मी विसरणार नाही. साडेचारशे लाइक आले. मॅनेजरने शाबासकी दिली.

राहुरीचा फोटो आल्यावर मी तो माझा फोटो पुन्हा उघडला. रात्रभर चैन पडली नाही. सकाळी शाळेतल्या सरांना फोन केला आणि विचारलं, “सर, ती मुलगी तेव्हा काय म्हणत होती, तिला आठवत असेल का?” सरांना प्रश्न विचित्र वाटला असणार. पण दुपारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

“मॅडम, ती म्हणते, मी ताईंना सांगत होते की या कॉम्प्युटरचा माउस चालत नाही, त्या कोपऱ्यातला जुना द्या. जुना आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे ना. तो बरा चालतो.”

मी पोस्ट काढून टाकली. पुढच्या शनिवारी सुट्टी होती. दोन माउस घेऊन एकटीच गेले, साधा ड्रेस घालून. फोन पिशवीत ठेवला. त्या मुलीने माउस लावून बघितला आणि म्हणाली, “आता कीबोर्डचं पण बघा. ‘ळ’ उमटत नाही.”