संगणकीय खेळाची फेररचना आणि मराठ्यांचा इतिहास : 'एम्पायर : टोटल वॉर'च्या संदर्भात

प्रस्तावना :
मावळ तालुक्यातील इंदुरी येथे सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी १७२०-२१ मध्ये बांधलेली गढी इंद्रायणीकाठी उभी आहे. त्याच शतकावर आधारित 'एम्पायर : टोटल वॉर' हा संगणकीय खेळ 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या इंग्लंडमधील संस्थेने घडविला असून तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मराठे ही खेळाडूला निवडता येणारी सत्ता आहे. दाभाड्यांचा इतिहास या खेळात बसविता येतो काय, हा प्रश्न फेररचनेच्या, म्हणजेच 'मॉडिंग'च्या साधनांची कसोटी पाहणारा आहे.

साधने व तंत्रे :
खेळाची सामग्री 'पॅक' फायलींत साठविलेली असते. खेळाडूंनीच घडविलेल्या 'पॅक फाइल मॅनेजर'च्या साहाय्याने त्यांतील तक्ते उघडून पथकांचे बळ व खर्च बदलता येतो. नावे व वर्णने मजकुराच्या फायलींतून बदलतात. मोहिमेची आरंभस्थिती 'स्टार्टपॉस' फायलीत असते. तिच्यासाठी 'ईएसएफ' संपादक वापरावा लागतो. 'डार्थमॉड'सारख्या गाजलेल्या फेररचनेने लढाईचे स्वरूपच पालटून दाखविले. साधनांचे हे सामर्थ्य मान्य करावेच लागेल.

मर्यादा :
१७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारले गेले. वाद गुजरातच्या चौथाईचा होता. पण दोघेही शाहू छत्रपतींचेच सेवक होते. पुढे सेनापतिपद शाहूंनी दाभाडे घराण्यातच यशवंतरावांकडे ठेवले आणि कारभार उमाबाईंनी पाहिला. खेळात मात्र अंतर्गत संघर्ष प्रामुख्याने प्रजेच्या असंतोषातून उठणाऱ्या बंडाच्या रूपाने येतो. फेररचनाकाराने दाभाड्यांना स्वतंत्र सत्ता केले, तर ते परके राष्ट्र ठरते. मराठ्यांचे सेनानी म्हणून ठेवले, तर खेळाडूच्या आज्ञेबाहेर त्यांना पाऊल टाकता येत नाही. रणांगणावर लढूनही एकाच गादीशी बांधलेले राहणे, हे वतन-सरंजामी राज्यव्यवस्थेचे वैशिष्ट्य दोन्ही मार्गांनी निसटते. तक्त्यातील आकडे बदलतात. सत्तेची मूळ व्याख्या बदलत नाही.

निष्कर्ष :
पगडी, ध्वज व नावे अचूक केल्याने इतिहास अचूक झाला, असे मानणे भाबडेपणाचे होय. तथापि फेररचना निष्फळ ठरत नाही. काय बदलता आले याबरोबरच काय बसले नाही, याचीही नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास अठराव्या शतकातील मराठी राज्यसंस्थेचे वेगळेपण त्यांना अधिक स्पष्टपणे उमगेल. इंदुरीच्या गढीचा अभ्यास वर्गात या वाटेनेही नेता येईल.